पालेभाजीचं पाणी : किडनीच्या पथ्याचा इतिहास

घरात कुणाचं क्रिएटिनिन वाढलं की फाइलमध्ये आहाराचा एक कागद येतो. डावीकडे ‘खावे’, उजवीकडे ‘टाळावे’. उजव्या रकान्यात मीठ, लोणचं, पापड यांच्या खाली बहुतेक वेळा दोन शब्द असतात : ‘सर्व पालेभाज्या’.

त्याच रकान्यात बटाटा आणि रताळंही असतं. कंदमुळं आपल्या घरांत येतच नाहीत, म्हणून ती ओळ आपण न वाचताच पुढे जातो. पण पालेभाजीवर काट बसली की आपल्या स्वयंपाकघराची खरी अडचण सुरू होते. कांदा-बटाट्याशिवायच्या घरात मेथी, पालक, शेपू, तांदुळजा, चुका, अंबाडी यांचा केवढा आधार असतो हे तुम्हाला सांगायला नको. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नको म्हणून आपण कडधान्यं करतो, पापडाची भाजी करतो, सांडगे काढतो. किडनीच्या माणसाला त्यातही मीठ, पापडखार आणि डाळीचं प्रोटीन मोजावं लागतं. मग उरतं काय? दुधी, पडवळ, दोडका आणि भात. पुन्हा दुधी, पडवळ, दोडका आणि भात. चार महिन्यांनी ते माणूस ताट बघूनच तोंड फिरवतं आणि वजन उतरायला लागतं. नाहीतर वैतागून एक दिवस सगळंच पथ्य मोडतं. नुकसान दोन्हीकडे आहे.

‘सर्व पालेभाज्या’ हे दोन शब्द त्या कागदावर कधी आणि कशासाठी आले, हे म्हणूनच बघायला हवं. कॉमर्सला असताना एक गोष्ट मनावर ठसली होती : वहीतली जुनी नोंद कुठून आली हे कळल्याशिवाय ती खोडायची नाही, आणि डोळे मिटून पुढच्या पानावर ओढायचीही नाही. पथ्याच्या कागदालाही हाच नियम लावून बघू.

राखेतलं पोटॅशियम

पालेभाजी टाळायला सांगतात ती मुख्यतः पोटॅशियममुळे. या नावाची गंमत अशी की ते राखेतून आलं आहे. पूर्वी युरोपात झाडपाल्याची राख पाण्यात कालवून, ते पाणी मडक्यात आटवून क्षार काढत. मडक्यातली राख म्हणून त्याला ‘पॉटॅश’ म्हणायचे. १८०७ मध्ये लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी त्या पॉटॅशमधून वीज सोडून एक मऊ, चकचकीत धातू वेगळा काढला आणि त्याला पोटॅशियम नाव दिलं.

राखेतून क्षार काढणं आपल्याकडे फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षार कसा करावा यावर एक अध्यायच आहे. झाडं जाळायची, राख पाण्यात कालवायची, गाळायची आणि आटवायची. त्या झाडांच्या यादीत पळसही आहे. शेतकरी आजही खताच्या पोत्यावर ‘नत्र, स्फुरद, पालाश’ वाचतात. त्यातला पालाश म्हणजेच हे पोटॅशियम. संस्कृतात पलाश म्हणजे पळस, आणि पलाश म्हणजे पानही.

या राखेच्या गोष्टीतच पुढचा सगळा इतिहास आहे. झाडाच्या हिरव्या भागात पोटॅशियम भरपूर असतं, आणि ते पाण्यात सहज उतरतं. पहिल्या गोष्टीमुळे पालेभाजीवर बंदी आली. दुसरीमुळे ती सैल करता येते.

चमचा, मेणबत्ती आणि बेडकाचं हृदय

किडनीच्या आजाराची आजची ओळख १८२७ पासूनची मानतात. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी त्या वर्षी आपल्या रुग्णांची निरीक्षणं छापली. अंगावर सूज, लघवीतून जाणारं प्रोटीन आणि मृत्यूनंतर दिसलेली खराब मूत्रपिंडं, या तीन गोष्टींची त्यांनी सांगड घातली. तपासणी अगदी साधी होती. चमच्यात लघवी घ्यायची आणि मेणबत्तीवर धरायची. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढूळ झाली की प्रोटीन जातंय हे कळायचं. पुढे कित्येक वर्षं या आजाराला ‘ब्राइटचा आजार’ असंच म्हणत.

पण त्या काळात पालेभाजीवर कुणाचा राग नव्हता, कारण रक्तातलं पोटॅशियम रोजच्या रोज मोजायची सोयच नव्हती. त्याचा हृदयाशी संबंध आहे हे मात्र हळूहळू कळत होतं. १८८० च्या दशकात लंडनमध्येच सिडनी रिंगर बेडकाचं हृदय वेगवेगळ्या क्षारांच्या पाण्यात ठेवून बघत होते. हृदय नीट चालायला थोडं पोटॅशियम लागतं, पण ते प्रमाणाबाहेर गेलं की हृदय थांबतं, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसलं. दवाखान्यात आजही लावतात त्या ‘रिंगर लॅक्टेट’ सलाइनमधले रिंगर ते हेच.

आपण खाल्लेल्या पोटॅशियमपैकी सुमारे ९० टक्के मूत्रपिंडं बाहेर टाकतात. ती थकली की रक्तात ते साठायला लागतं. रक्तातली नेहमीची पातळी साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असते. ती फार वाढली तर पायातलं बळ जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. काही वेळा आधी काहीच त्रास होत नाही आणि हृदय एकदम बंद पडतं. त्या कागदावरची काट एका खऱ्या भीतीतून आली आहे, हे आधी मान्य करायला हवं.

लोणी-साखरेच्या गोळ्या

ही भीती पथ्यात उतरली १९४० च्या दशकात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास चेंगरलेली माणसं जिवंत बाहेर काढली जायची, आणि काही दिवसांनी लघवी बंद होऊन जायची. १९४१ मध्ये बायवॉटर्स आणि बील यांनी अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्याच दशकात फ्लेम फोटोमीटर नावाचं यंत्र आलं. रक्ताचा नमुना ज्योतीत फवारून तिच्या रंगावरून पोटॅशियम मोजता येऊ लागलं. जे मोजता येतं त्याचंच पथ्य सांगता येतं.

लघवी पूर्ण बंद झालेल्या माणसाला तेव्हा काय खायला देत? ॲमस्टरडॅमचे डॉक्टर बोर्स्ट लोणी आणि साखर एकत्र करून देत. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये बुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये जो आहार सांगितला तो होता ४०० ग्रॅम ग्लुकोज, १०० ग्रॅम शेंगदाणा तेल आणि एक लिटर पाणी. तेही नळीवाटे पोटात. प्रोटीन नाही, मीठ नाही, भाजी नाही, फळ नाही. मूत्रपिंडं आपणहून सुधारेपर्यंत आठ-पंधरा दिवस निभावून न्यायचं, एवढाच त्यामागचा विचार होता.

गंमत म्हणजे त्याच सुमारास अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जर्मनीहून आलेले डॉक्टर वॉल्टर केम्पनर उच्च रक्तदाब आणि किडनीच्या रुग्णांना पांढरा भात, साखर, फळं आणि फळांचा रस यांवर ठेवत होते. फळांत पोटॅशियम असतंच. तरी ते चालायचं, कारण त्यांच्या बऱ्याच रुग्णांची लघवी चालू होती आणि त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न मिठाचा होता. एकाच काळात, एकाच अवयवाच्या आजाराला ही दोन उलटी पथ्यं होती. आजार एकच असला तरी रुग्णांच्या पायऱ्या वेगळ्या होत्या.

दोन डायलिसिसच्या मधले दिवस

१९४३ मध्ये नेदरलँड्समधल्या कांपेन गावात, जर्मन सैन्याच्या ताब्यात असलेल्या देशात, विलेम कोल्फ यांनी सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपावर गुंडाळून पहिलं कामाचं डायलिसिस यंत्र बनवलं. पण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागायची, म्हणून ते वारंवार करणं शक्य नव्हतं. १९६० मध्ये सिअ‍ॅटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातावर कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली, आणि मूत्रपिंडं कायमची निकामी झालेली माणसं वर्षानुवर्षं जगू लागली.

यंत्रं मात्र मोजकी होती. कुणाला घ्यायचं हे ठरवायला सिअ‍ॅटलमध्ये सामान्य नागरिकांची समिती नेमावी लागली होती. ज्याला जागा मिळाली त्यानेही दोन डायलिसिसच्या मधले दिवस काढायचे होते, आणि त्या दिवसांत साठलेलं पोटॅशियम बाहेर जायला दुसरी वाटच नव्हती. तिथे याद्या कडक झाल्या. ‘पालेभाज्या वर्ज्य’ ही ओळ त्या माणसांसाठी होती आणि त्यांच्यासाठी ती योग्य होती.

पुढे याद्या छापल्या गेल्या, त्यांच्या नकला निघाल्या, आणि त्या देशोदेशी पोहोचल्या. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ मध्ये जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचं यशस्वी रोपण झालं. जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस देण्याची राष्ट्रीय योजना २०१६ मध्ये आली. उपचार पसरले तशा याद्याही पसरल्या. या प्रवासात ‘कुणासाठी’ हा शब्द मात्र अनेकदा गळून गेला. ज्याची लघवी बंद आहे, आणि ज्याचं क्रिएटिनिन नुकतंच थोडं वर गेलंय पण पोटॅशियम नेहमीसारखं आहे, अशा दोघांच्या हातात एकच कागद पडू लागला.

भांड्यात होणारं किडनीचं काम

यादी कडक झाली तशी तिच्यातून वाट शोधणारीही माणसं होती. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या पोषणविषयक नियतकालिकात त्साल्तास यांनी अन्नातलं पोटॅशियम पाण्यात काढून टाकण्यावर लेख लिहिला. तेव्हापासून ‘भाजी चिरा, भरपूर पाण्यात भिजवा, पाणी फेका’ हा सल्ला रूढ झाला. पुढचे अभ्यास बरेचसे बटाट्यावर झाले, कारण तिकडच्या ताटात तोच मुख्य. २००८ मध्ये बेथके आणि जान्स्की यांनी बटाट्यावरच नीट मोजमाप केलं. नुसतं भिजवून फारसा फरक पडला नाही. चौकोनी तुकडे उकळून पाणी टाकलं तर पोटॅशियम साधारण निम्म्याने उतरलं, आणि किसून उकळलं तर तीन चतुर्थांशाने.

बटाटा आपल्याला नको, पण त्यातला धडा हवा. बारीक चिरा, भरपूर पाणी घ्या, उकळा, पाणी ओता. भिजवण्यापेक्षा उकळणं महत्त्वाचं. पालेभाजीलाही हाच न्याय लागतो, टक्केवारी मात्र भाजीगणिक बदलते.

आपल्या बायकांना हे हाताने माहीत होतंच, कारण वेगळं होतं एवढंच. अंबाडीचा आंबटपणा कमी करायला ती उकडून, पाणी काढून, पिळून मग फोडणीला टाकतात. कोकणात भारंगीचा कडूपणा घालवायला तिचंही पाणी पिळून टाकतात. भात वेळायची पद्धत तर घरोघरी होती. म्हणजे अंबाडीची भाजी करणारीला नवीन काही शिकायचं नाही. तीच रीत पालक, तांदुळजा आणि चुक्याला लावायची आहे.

अडचण येते ती आपल्या लाडक्या पातळ भाजीत. डाळ-दाणे घालून, बेसन लावून केलेला पालक, ताकातला चाकवत किंवा सोलापूरकडचं घोटलेलं गरगट घ्या. भाजीतून उतरलेलं सगळं त्याच रश्शात राहतं, आणि वर डाळ, दाणे, बेसन यांचं पोटॅशियम आणि फॉस्फरस येतं. पालकाच्या सूपचंही तेच. कुकरमध्ये नुसत्या वाफेवर शिजवलं तरी पोटॅशियमला बाहेर पडायला पाणीच मिळत नाही.

‘भाजीचं पाणी फेकू नये, सत्त्व जातं’ हे आपण शाळेपासून ऐकलेलं आहे, आणि तेही खोटं नाही. १९३७ मध्ये कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉक्टर आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. पुढे हीच संस्था हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था झाली. देश कुपोषित होता, गरोदर बाया पांढऱ्याफटक होत्या, मुलांचे डोळे जात होते, आणि पालेभाजी हे स्वस्त औषध होतं. तेव्हा पाणी जपणं बरोबरच होतं. किडनीच्या माणसाच्या बाबतीत हिशेब उलटतो. पाण्याबरोबर थोडं क जीवनसत्त्व आणि फोलेटही जातं. तो खर्च समजून-उमजून करायचा. घरातल्या बाकीच्यांची भाजी मात्र नेहमीसारखीच करावी.

माप चुकलं की हिशेब चुकतो

भाजी शिजवली म्हणून ती आपोआप हलकी होत नाही, हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात एक कप कच्च्या पालकात (वजन ३० ग्रॅम) १६७ मिलिग्रॅम पोटॅशियम आहे. एक कप उकडून पाणी काढलेल्या पालकात (वजन १८० ग्रॅम) ८३९ मिलिग्रॅम. पाणी टाकूनही पाचपट! कारण साधं आहे. उकडल्यावर पालक बसतो, आणि एका कपात अख्खी जुडी मावते. वजनाला वजन लावलं तर उकडलेला पालक थोडा कमीच भरतो. १०० ग्रॅम कच्च्यात ५५८, तर १०० ग्रॅम उकडलेल्यात ४६६.

म्हणून माप हवं ते शिजलेल्या भाजीचं. अर्धा कप उकडलेला पालक म्हणजे ४२० च्या आसपास, आणि अर्धा कप उकडलेला कोबी म्हणजे साधारण १५० मिलिग्रॅम. दोन्ही पानंच, पण फरक जवळजवळ तिपटीचा. ‘सर्व पालेभाज्या’ असं एका ओळीत लिहिणं हिशेबाला धरून नाही, ते इथे दिसतं.

दुसरं खातं ऑक्झॅलेटचं. पालक, तांदुळजा, चुका यांत ते बरंच असतं, आणि ऑक्झॅलेटचे खडे होणाऱ्यांनी त्याकडे लक्ष द्यावंच लागतं. २००५ मध्ये चाइ आणि लीबमन यांनी वेगवेगळ्या भाज्या उकळून पाहिल्या. पाण्यात विरघळणारं ऑक्झॅलेट भाजीनुसार ३० ते ८७ टक्के कमी झालं. वाफवल्यावर ते त्याहून कमी उतरलं. इथेही पाणी ओतण्याचाच उपयोग झाला.

हिरवं ताटात परत येतं

गेल्या काही वर्षांत वारं थोडं फिरलं आहे. थकलेल्या मूत्रपिंडांमुळे रक्तात आम्ल साठतं, आणि ते कमी करायला खाण्याच्या सोड्याच्या गोळ्या देतात. टेक्सासमधले गोराया, वेसन आणि त्यांचे सहकारी यांनी चौथ्या टप्प्यातल्या ७१ रुग्णांना वर्षभर एकतर या गोळ्या दिल्या किंवा फळं-भाज्या वाढवून दिल्या. २०१३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. फळं-भाज्यांनीही आम्ल कमी झालं आणि पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेलं नाही. झाडपाल्याच्या राखेत क्षार असतो, तोच गुण इथे कामी आला. पण एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. ज्यांचं पोटॅशियम आधीच वाढलेलं होतं त्यांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं.

२०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना पोटॅशियमचं प्रमाण माणूस बघून ठरवा म्हणतात. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सूचना वनस्पतीजन्य, विविध आहाराकडे आणि पाकिटबंद पदार्थ कमी करण्याकडे झुकतात. वनस्पतीतलं पोटॅशियम आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही, पण पाकिटातल्या पदार्थांत मिसळलेले पोटॅशियमचे क्षार पुष्कळ जास्त शोषले जातात. ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात तर अनेकदा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. मेथी बंद करून हे मीठ डब्यात भरून ठेवायचं, असं आपल्या घरांतून होता कामा नये.

आता कामाचं बोलू. भाजी सुरू करण्याआधी डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना तीन गोष्टी विचारा. ताज्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम किती आहे? रक्तदाबाच्या चालू औषधांत पोटॅशियम वाढवणारं काही आहे का? आणि आठवड्यातून किती वेळा, शिजलेली किती भाजी चालेल? डायलिसिसवर असलेल्यांनी आणि ज्यांचं पोटॅशियम वर आहे त्यांनी हे विचारल्याशिवाय काहीही बदलू नये. त्यांच्यासाठी जुनी कडक यादी आजही खरी आहे.

होकार मिळाला तर भाजी निवडून, धुऊन, बारीक चिरा. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्याला उकळी आणून त्यात टाका, सोडा घालू नका. शिजली की चाळणीत ओता, गार झाल्यावर घट्ट पिळा, आणि ते पाणी कणकेत किंवा आमटीत न घालता टाकून द्या. मग जिरं-हिरवी मिरचीची साधी फोडणी, वर लिंबाचे दोन थेंब. डाळ नाही, दाण्याचा कूट नाही. सुरुवात कोबीसारख्या हलक्या पानाने करा. वाढताना वाटी भरू नका, ठरलेलं माप वाढा. नवीन रिपोर्ट आला की तो आकडा भाजीच्या तारखेसमोर लिहून ठेवा.

लघवी बंद झालेल्या माणसासाठी लिहिलेली ओळ लघवी नीट होत असलेल्या माणसाच्या ताटातून भाजी काढून घेत असेल, तर त्याबद्दल प्रश्न विचारायलाच हवा. तो विचारायचं काम घरात रांधणारीचंच आहे, कारण पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ती फाइल घेऊन बसणारीही बहुतेक तीच असते.